पुराच्या पिशवीतला चाकू : कोणता घ्यावा, कसा पारखावा



कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठावरच्या गावांना पूर नवा नाही. सन २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन साले तर कुणाला आठवण करून द्यावी लागत नाहीत. सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे धोक्याच्या खुणेवर आणखी १२ फूट पाणी. त्यानंतर नदीकाठच्या बऱ्याच घरांत पावसाळ्याच्या तोंडावर एक पिशवी भरून ठेवण्याची सवय लागली आहे. कागदपत्रे, औषधे, बॅटरी, दोरी, थोडे कोरडे खाणे असे सामान त्या पिशवीत असते. सवय चांगली आहे.

पण गावोगाव या पिशव्या बघताना एक गोष्ट सारखी दिसते. पिशवीत चाकू एक तर नसतो, किंवा असला तर स्वयंपाकघरातला जुना, मोडक्या मुठीचा, 'असू दे' म्हणून टाकलेला असतो. काही तरुण मंडळींकडे याच्या उलट प्रकार आहे. सिनेमात बघितलेला, हातभर लांब, पाठीवर करवतीचे दात असलेला चकचकीत सुरा त्यांनी आणलेला असतो. ऐन वेळी हे दोन्ही कामाचे नाहीत. पिशवीसाठी चाकू कसा निवडावा, लोहाराकडून कसा करून घ्यावा, विकतचा घेताना काय तपासावे आणि तो वर्षानुवर्षे कसा टिकवावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

चाकू लागतो कशाला?

आता तुम्ही म्हणाल, पूर आल्यावर चाकूचे काय काम? काम आहे, आणि पहिले काम गोठ्यातच आहे.

पाणी रात्रीचे चढते. वीज गेलेली असते. गोठ्यात गुडघाभर पाणी झाले की जनावर बिथरते, दाव्याला हिसके मारते. हिसक्याने गाठ आवळते, त्यात दोरी भिजलेली. अशी गाठ हाताने सुटत नाही. बोटे सोलून निघतात, पण गाठ हलत नाही. पाणी छातीला लागले की माणसाला स्वतःचा जीव वाचवायला बाहेर पडावे लागते आणि जनावर दावणीलाच राहते. म्हैस, बैल, रेडा ही जनावरे पोहणारी आहेत. मोकळी असतील तर उंचवटा गाठू शकतात. बांधलेल्या जनावराला मात्र काही करता येत नाही. दोन म्हशींवर ज्याचे घर चालते त्याला हे वेगळे सांगायला नको.

दुसरे काम माणसांचे. वाहत्या पाण्यात अंगावरची साडी, धोतर, ओढणी कशात तरी अडकते. मासेमारीची जाळी, कुंपणाच्या दोऱ्या, शेडनेटचे तुकडे पायाला गुंडाळतात. होडीच्या पंख्यात दोरी गुंतते. तिसरे काम छावणीतले. मदतीची पाकिटे उघडणे, ताडपत्रीला दोरी कापून बांधणे, जखमेसाठी कापडाच्या पट्ट्या फाडणे, मोडलेल्या हाताला आधार म्हणून बांबूची कामटी काढणे ही कामे तिथे रोजची असतात.

म्हणजे नव्वद टक्के काम दोरी आणि कापड कापण्याचे आहे. लाकूड तोडायला घरात कोयता आणि कुऱ्हाड आहेच. हे ध्यानात ठेवले की निवड निम्मी सोपी होते.

आधी दावे बघा, मग चाकू

चाकू हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे पाण्याचा इशारा मिळताच जनावरे माळावर किंवा पाहुण्यांच्या गावी हलवणे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलावर इशारा ४० फुटांवर, धोका ४५ फुटांवर. इशारा आणि धोका यांच्यात जो वेळ मिळतो तो जनावरे हलवण्याचा. तो वेळ 'अजून बघू' म्हणण्यात घालवू नका.

दुसरा उपाय गाठीचा. पावसाळ्याचे चार महिने दाव्याला निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा. म्हणजे मोकळे टोक ओढले की गाठ सुटली पाहिजे. आणि ती गाठ जनावराच्या गळ्याशी नको, खुंट्याच्या किंवा गव्हाणीच्या बाजूला, हाताला लागेल अशा उंचीवर असू द्या.

तिसरी गोष्ट साखळीची. अलीकडे बऱ्याच गोठ्यांत लोखंडी साखळ्या आल्या आहेत. साखळी कोणत्याही चाकूने कापत नाही. पूरपट्ट्यातल्या गोठ्यात निदान पावसाळ्यापुरते तरी साखळी आणि खुंटा यांच्यामध्ये हातभर दोरीचा तुकडा घाला. वेळ आली की तेवढा तुकडा कापला की जनावर मोकळे. बेंदराला आपण नवी दावी, नवे कासरे घेतोच. त्याच वेळी हा तुकडा बदलून घ्यावा.

दातेरी धार की साधी धार?

पूर्वी दावी अंबाडीची, सुताची किंवा काथ्याची असत. ती साध्या धारेच्या चाकूने चटकन कापली जात. आता सगळीकडे नायलॉनची आणि प्लास्टिकची दोरी आहे. ती गुळगुळीत असते, भिजली की आणखी निसरडी होते. साध्या धारेचा चाकू थोडा जरी बोथट असला तरी तिच्यावरून नुसता घसरतो.

दातेरी धारेचे तसे नाही. दात दोरीच्या धाग्यांत रुततो आणि ओढले की धागे तुटत जातात. दुसरे म्हणजे दातेरी धार टिकते जास्त, कारण दातांच्या मधल्या खाचा कशाला घासल्या जात नाहीत. वर्षभर पिशवीत पडून राहणाऱ्या हत्यारासाठी हा मोठा गुण आहे. तिचा दोष एकच. घरी साध्या निसण्यावर तिला धार लावता येत नाही, बारीक गोल कानस लागते.

मग घ्यायचे काय? माझे सांगणे असे की दोन वस्तू ठेवा. गोठ्यात, दाराजवळच्या खुंटीला, एक दातेरी विळा कायम टांगलेला असू द्या. भातकापणीला आपण वैभव विळा वापरतो, तसा. विळ्याचे पाते आतून वाकडे असल्याने दोरी त्या वाकात अडकते, घसरत नाही, आणि आपल्याकडे ओढली की कापली जाते. अंधारातसुद्धा हे जमते. आणि पिशवीत एक साध्या धारेचा, सरळ पात्याचा, मजबूत चाकू ठेवा. तो बाकी सगळ्या कामांचा. विळा किमतीने स्वस्त, बाजारात कुठेही मिळणारा. त्याला 'सर्व्हायव्हल' वगैरे नाव नाही एवढेच.

पात्याचे पोलाद

चाकूचा जीव त्याच्या पोलादात असतो. साधे मऊ लोखंड, म्हणजे खिडकीचे गज किंवा पट्टी, कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही, कारण त्यात कार्बन फार कमी असतो. धार धरण्यासाठी पोलादात शंभर भागांत निदान अर्धा भाग तरी कार्बन लागतो. ट्रकच्या किंवा जीपच्या कमानपाट्यात साधारण एवढा कार्बन असतो. म्हणूनच आपले लोहार कोयते, कुऱ्हाडी कमानपाट्यापासून करतात. हे पोलाद लवचीक असते, आपटले तरी सहसा तुटत नाही, धार चांगली धरते आणि निसण्यावर पुन्हा लवकर येते. त्याचा दोष म्हणजे ते गंजते.

स्टेनलेस स्टीलचा गुण याच्या उलट. त्यात क्रोमियम असल्याने गंज उशिरा लागतो. पण 'स्टेनलेस' हा एकच प्रकार नाही. ज्या स्टीलचे ताट-वाट्या, डबे होतात ते तापवून कडक करता येत नाही. त्याचा चाकू दिसायला चकचकीत, पण दोन दिवसांत बोथट. चाकूचे स्टेनलेस वेगळे असते आणि ते कडक करता येते. ते ओळखायची सोपी खूण म्हणजे लोहचुंबक. पात्याला चुंबक लावा. चिकटला नाही तर तो चाकू ठेवून द्या, ते ताट-वाटीचे स्टील आहे. चिकटला तर पुढची तपासणी करा. चुंबक चिकटला म्हणजे चाकू चांगलाच असे मात्र नाही, कारण मऊ लोखंडालाही चुंबक चिकटतो.

ही पुढची तपासणी कानशीची. धारेजवळ एका कोपऱ्यात बारीक कानस हलक्या हाताने ओढा. कानस लोण्यासारखी रुतली तर पाते मऊ आहे. काचेवरून घसरावी तशी नुसती घसरली तर पाते फार कडक आहे, आपटल्यावर धारेचे तुकडे उडतील. थोडी अडखळत, थोडी घसरत गेली तर पाते बेताचे कडक आहे. पिशवीसाठी असेच पाहिजे.

हेक्सॉच्या पानाचा चाकू बरेच जण कलमाला वापरतात. कलमाला तो छान आहे. पिशवीसाठी नको. पातळ असतो, पिळले की काडकन मोडतो आणि मोडलेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

थोडक्यात सांगायचे तर, जो दर महिन्याला चाकू काढून तेल लावील त्याने कमानपाट्याचा घ्यावा. ज्याच्याकडून ते होणार नाही त्याने चाकूच्या स्टेनलेसचा घ्यावा. स्वतःचा स्वभाव ओळखून निवड करा.

मुठीतली गोम

चाकू पात्यात क्वचित मोडतो. मोडतो तो पाते आणि मूठ जिथे मिळतात तिथे. पात्याचे शेपूट मुठीत किती आत गेले आहे यावर चाकूचे आयुष्य ठरते. स्वयंपाकघरातल्या स्वस्त चाकूत हे शेपूट इंचभर असते आणि वरून प्लास्टिक ओतलेले असते. जोर लावला की मूठ हातात आणि पाते खाली.

चांगल्या चाकूत पात्याचेच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत, मुठीच्या पूर्ण रुंदीचे गेलेले असते. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा टणक प्लास्टिकच्या पट्ट्या बसवून निदान दोन, शक्यतो तीन रिव्हेट मारलेले असतात. कडेने बघितले की पोलादाची रेघ दोन पट्ट्यांच्या मध्ये शेवटपर्यंत दिसते. ही रेघ दिसली पाहिजे, नाही तर घेऊ नका.

सन १९८२ मध्ये 'फर्स्ट ब्लड' हा इंग्रजी सिनेमा आला आणि त्यातला पोकळ मुठीचा सुरा जगभर गाजला. मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत काडेपेटी आणि सुई-दोरा. त्याच्या स्वस्त नकला आजही बाजारात येतात. मूठ पोकळ म्हटल्यावर पात्याचे शेपूट आत जाणार कुठे? ते तोंडाशीच संपते. काडेपेटी पिशवीत वेगळी ठेवता येते. त्यासाठी चाकू कमजोर करायचे कारण नाही.

घडीचा चाकू घ्यावा काय, असे बरेच जण विचारतात. खिशात बाळगायला तो सोयीचा. पण चिखल-वाळू बिजागरीत शिरली की उघडत नाही, आणि उघडायला बहुधा दोन हात लागतात. पुरात एक हात कशाला तरी धरण्यात गुंतलेला असतो. म्हणून पिशवीत न मिटणाराच चाकू असावा. घडीचा घेतलाच तर उघडल्यावर पक्का अडकणारा घ्यावा, नाही तर जोर देताना आपल्याच बोटांवर मिटतो.

मुठीची परीक्षा दुकानातच करावी. हाताला साबणाचे पाणी किंवा थोडे तेल लावून मूठ धरून बघा. घसरली तर नको. पाते आणि मूठ यांच्यामध्ये बोट पुढे सरकू नये म्हणून अडसर किंवा खोलगट खाच असली पाहिजे. ओल्या हाताने टोकावर जोर दिला आणि हात पुढे घसरला तर पाची बोटे कापतात.

माप किती असावे?

पाते ४ ते ५ इंच लांब पुरते. जाडी पाठीकडे साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी. यापेक्षा पातळ असेल तर पिळले की वाकते. फार जाड असेल तर दोरी कापायला जड जाते आणि वजन उगीच वाढते. धार एकाच बाजूला हवी. दुसरी बाजू, म्हणजे पाठ, सपाट हवी, कारण लाकूड चिरताना पाठीवर अंगठा ठेवावा लागतो किंवा दुसऱ्या लाकडाने ठोकावे लागते. दोन्हीकडे धार असलेला जंबिया नको. टोक बेताचे असावे. सुईसारखे टोक पहिल्याच ठोक्याला मोडते, आणि गडबडीत माणसाला किंवा जनावराला लागते.

मुठीला लाल किंवा नारिंगी चिकटपट्टी गुंडाळा. काळ्या मुठीचा चाकू चिखलात पडला की बॅटरी लावूनही सापडत नाही.

लोहाराकडून करून घेताना

आपल्या गावचा लोहार किंवा पालावर येणारा घिसाडी हा चाकू उत्तम करून देतो. फक्त काय पाहिजे ते नीट सांगावे लागते. जुना कमानपाटा आपणच नेऊन द्यावा. त्याला तडा गेलेला नाही ना हे आधी बघावे, कारण जुन्या पाट्यात बारीक तडे असतात आणि ते चाकूत उतरतात.

पात्याला पाणी देणे हे खरे कसब. लाल तापवून बुडवल्यावर पोलाद कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून बुडवल्यावर त्याला पुन्हा हलकी आच देऊन ठिसूळपणा काढावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर या आचेने रंग चढत जातो. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. धारेला गडद पिवळा ते तपकिरी रंग आला की थांबावे. पाठ जांभळी-निळी झाली तरी चालते, उलट पाठ थोडी मऊ असलेली बरी. धारच निळी पडली तर ती लवकर मरते. कमानपाट्याचे पोलाद पाण्याऐवजी तेलात बुडवले तर तडा जाण्याची भीती कमी असते. जाणत्या लोहाराला हे सांगावे लागत नाही. पण घाई असली की दुसरी आच राहून जाते. म्हणून 'सवडीनं कर, पण दुसरी आच दे' एवढे सांगून यावे.

मुठीला बाभूळ, शिसव किंवा जुने वाळलेले सागवान चांगले. ओले लाकूड घालू नये. वाळल्यावर ते आकसते आणि रिव्हेट सैल पडतात.

चाकू हातात आला की घरी परीक्षा घ्या. दाव्याची नायलॉनची दोरी भिजवून खुंट्याला बांधा, ताणून धरा आणि एका हाताने कापा. दोन-तीन ओढींत कापली गेली पाहिजे. मग वाळलेल्या बाभळीच्या फांदीत टोक रुतवून हलकेच पिळा. पाते सरळ राहिले, मूठ हलली नाही, धार दुमडली नाही, तर चाकू पिशवीत ठेवायच्या लायकीचा आहे.

गंज आणि धार

पिशवीतला चाकू वापरून खराब होत नाही, न वापरल्याने होतो. पावसाळी हवेत बंद पिशवीत पोलाद आठ-पंधरा दिवसांत तांबूस पडते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. चाकू कातडी म्यानात घालून ठेवू नये. कातडे ओल धरते. म्यान प्लास्टिकचे बरे. पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा उकळत्या पाण्यात धरला की मऊ पडतो. दोन फळ्यांमध्ये दाबून तो पात्याच्या मापाचा चपटा करता येतो. तळाला एक भोक ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही. पाइप जाळावर मात्र धरू नये, त्याचा धूर विषारी असतो.

२. पात्याला खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल लावून तेलकट फडक्यात गुंडाळावे. ज्या चाकूने खाण्याचे कापायचे त्याला खाण्याचेच तेल लावावे.

३. धार निसण्यावर लावावी. फिरत्या सहाणेवर ठिणग्या उडेपर्यंत धरू नये. पात्याची कड तापून निळी पडली की दिलेले पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

४. वर्षातून दोन तपासण्या ठरवून टाका. एक मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. दुसरी खंडेनवमीला. त्या दिवशी आपण सगळी अवजारे पुसून पूजतो, त्यांत हा चाकूही काढावा, पुसावा, तेल लावून परत ठेवावा.

वापरताना सांभाळायच्या गोष्टी

दावे कापताना जनावराच्या गळ्याशी कापू नका. खुंट्याच्या बाजूला, हातभर दोरी सोडून, आणि धार जनावरापासून व आपल्या पोटापासून लांब जाईल अशी धरून कापा. दोरी ताणलेली असली तरच कापते. जनावर मोकळे होताच उसळते, म्हणून वाटेत उभे राहू नका, बाजूला उभे राहून कापा. मोरकी आणि वेसण यांतून लोंबती लांब दोरी ठेवू नका, ती पाण्यात झाडाझुडपांत अडकते.

बचावाची होडी पुष्कळदा हवा भरलेली रबरी असते. तीत चढण्यापूर्वी चाकू म्यानात, म्यान पिशवीत. उघड्या पात्याने होडी फाटली तर आपल्याबरोबर दहा जणांचा जीव धोक्यात येतो. जवानांनी मागितला तर वाद न घालता त्यांच्या हाती द्यावा.

विजेची तार चाकूने कधीही कापू नका, मग लाइट गेलेली असो वा नसो. पाण्यात पडलेल्या तारेपासून लांब राहा आणि १९१२ वर कळवा.

पुराच्या पाण्याबरोबर साप घरात, गोठ्यात, वैरणीत शिरतात. सर्पदंश झाला तर जखमेवर चाकूने चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. यातले काहीही विष उतरवत नाही, उलट नुकसान करते. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

जनावराला पोटफुगी झाली म्हणून कुशीत चाकू खुपसण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. ती करू नका. त्यासाठी डॉक्टरांकडे नळीचे वेगळे अवजार असते. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

पुराच्या घाण पाण्यात चाकूचा किंवा पत्र्याचा जरा जरी काप गेला तरी साबण-पाण्याने जखम धुवा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. चाकू लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा, पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असलेल्या जागी ठेवा. पुष्कळदा पुरुष माणसे बाहेर असतात आणि गोठा बायकांना मोकळा करावा लागतो. म्हणून घरातल्या बायकांनीही दोरी कापून बघितलेली असावी.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात, मात्र घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे ४-५ इंची चाकू आणि शेतीचा विळा घरी ठेवायला अडचण नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीला जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या काळात चाकू कमरेला लावून बाजारात फिरू नये. तो पिशवीसाठी आहे, पिशवीतच राहू द्या. बटण दाबल्यावर उघडणारा चाकू तर घेऊच नये. त्याची बिजागरी कमजोर असते, आणि तो जवळ सापडला तर पोलीस चौकशी वेगळीच.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, पोलीस पाटील आणि ज्यांना आपण अजून तलाठी-ग्रामसेवक म्हणतो त्या मंडळींना एक विनंती आहे. मान्सूनपूर्व बैठकीत होडी, लाइफ जॅकेट, दोर यांची यादी होते. त्याच यादीत चार-सहा दातेरी विळे, दोन मजबूत चाकू आणि साखळी तोडायचे एक मोठे कटर यांची भर घाला. खर्च फार नाही. ही हत्यारे कुलपात बंद करून किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका. पूर आल्यावर तो माणूस पलीकडच्या काठाला असला तर कपाट तसेच बुडते. निदान दोघांकडे किल्ली असावी आणि दोघांची नावे फळ्यावर लिहिलेली असावीत. ११२ हा आपत्कालीन आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांकही त्याच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरे म्हणजे गावातल्या गोठ्यांची एक फेरी करा. कुठे साखळी आहे, कुठे निरगाठी आहेत, कुणाच्या घरी म्हातारी माणसेच आहेत, याची नोंद ठेवा. रात्री दोन वाजता भोंगा वाजल्यावर कुणाच्या गोठ्याकडे आधी पळायचे हे त्या नोंदीवरून ठरते. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे १२ अंकी क्रमांक प्रत्येक घराने कागदावर लिहून पिशवीत ठेवले आहेत ना, हेही त्याच फेरीत बघा. पुढे पंचनाम्याला ते उपयोगी पडतात.

बंधू-भगिनींनो, बाजारात चाकू महागही मिळतो आणि स्वस्तही मिळतो. किमतीकडे किंवा नावाकडे बघून घेऊ नका. चुंबक, कानस, मुठीतली पोलादाची रेघ आणि भिजलेली दोरी, या चार कसोट्या लावा. त्यांत उतरला तर गावच्या लोहाराचा चाकूही चांगला, न उतरला तर परदेशी नावाचाही नको. या आठवड्याच्या बाजाराला जाल तेव्हा एक दातेरी विळा घेऊन या आणि गोठ्याच्या दाराशी खुंटीला लावा. चाकू पुढच्या बाजाराला घेतला तरी चालेल, विळ्याला उशीर नको.